ऊसतोड कुटुंबं आणि डिजिटल दरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही जण आठवडी बाजाराच्या दिवशी मदतीचं टेबल लावतो. रेशन, बँक, आधार, शाळाप्रवेश, फोन बंद पडणं, असे सगळे प्रश्न त्या टेबलावर येतात. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी असतात. त्यांनी विचारलेले, तसेच त्यांच्यासाठी काही करू पाहणाऱ्या शिक्षकांनी, अंगणवाडी ताईंनी आणि शहरातल्या मित्रांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

फोन तर आता घरोघरी आहे. मग दरी उरली कुठे?

एक मावशी दिवाळीच्या आधी टेबलाशी आल्या. कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोन काढला. स्मार्टफोन होता, काच एका कोपऱ्यात फुटलेली. लॉक मुलाने लावलेलं, ते त्यांना उघडता येईना. उघडलं तर रिचार्ज संपलेला. बँकेत दिलेला नंबर वेगळाच, तीन वर्षांपूर्वीचा. तो पासबुकाच्या आतल्या पानावर बॉलपेनने लिहिलेला होता आणि त्यातला एक आकडा पुसट झाला होता. आधारला कुठला नंबर आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाहणीच्या फॉर्ममध्ये या घरासमोर ‘स्मार्टफोन आहे’ अशी टिकमार्क पडते. प्रत्यक्षात त्या मावशींना सरकारकडून येणारा एक रुपयाही स्वतःच्या हाताने तपासता येत नव्हता. फोन, चालू असलेला नंबर, त्या नंबराला जोडलेलं आधार आणि बँक खातं, आणि पडद्यावर आलेलं वाचून समजावणारं माणूस, या चार गोष्टी एकाच वेळी जागेवर असाव्या लागतात. यातली एक जरी सुटली तरी उरलेल्या तिन्ही निकामी होतात. आम्ही जिला दरी म्हणतो ती ही.

ऊसतोड कुटुंबांचं वेगळं काय? गरीब तर सगळीकडेच आहेत.

ही माणसं वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या हलतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूर, पुणे, अहिल्यानगरला, कुणी पार कर्नाटकात. परत येईपर्यंत चैत्र उजाडतो. सरकारी कामाचं वेळापत्रक मात्र माणूस घरी आहे असं धरूनच आखलेलं असतं. रब्बीची ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातलं पीक ॲपमधून सातबाऱ्यावर नोंदवणं, डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे हा माणूस दुसऱ्याच्या शिवारात कोयता चालवत असतो तेव्हा. शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी दुरुस्त करायची मुदत याच दिवसांत येते. ‘अमुक तारखेपर्यंत ई-केवायसी करा’, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवा, हा मेसेज तर फडावर, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाच्या शेतात पोचतच नाही, कारण राहायच्या खोपीत वीज नसते आणि फोन दिवसाआड एखाद्या ट्रॅक्टरवाल्याकडे किंवा मळ्यातल्या घरी चार्जिंगला लावलेला असतो.

दुसरी गोष्ट बोटांची. उसाच्या पाचटाने आणि कोयत्याच्या दांड्याने बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातलं मशीन तो अंगठा ओळखत नाही. आयुष्यभर कष्ट केले म्हणून यंत्र ओळख नाकारतं, हे टेबलावर बसून पाहताना अजूनही पोटात तुटतं.

फडावर गेल्यावर रेशन मिळतं का?

मिळतं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेत महाराष्ट्रातल्या कुठल्याही आणि परराज्यातल्याही रास्त भाव दुकानातून धान्य उचलता येतं. कार्ड अन्नसुरक्षा योजनेतलं, म्हणजे अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं असावं लागतं आणि त्यावरच्या माणसांचं आधार जोडलेलं असावं लागतं. अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो हे प्रमाण सगळीकडे तेच राहतं.

फार जणांना माहीत नसलेली एक सोय इथे आहे. धान्य वाटून उचलता येतं. आजी-आजोबा आणि लहान मुलं गावात, जोडपं फडावर, अशी विभागणी असेल तर फडावरच्यांनी आपल्यापुरतं तिकडे घ्यायचं आणि उरलेलं घरच्यांनी गावात. त्यासाठी नवं कार्ड लागत नाही, कुणाचं नाव कमी करावं लागत नाही आणि कुठला अर्जही नाही. तिथला दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर १४४४५ किंवा १९६७ या नंबरावर तक्रार करा. आमचा अनुभव असा की दुकानदारासमोर उभं राहून फोन लावला की पुष्कळदा तिथेच प्रश्न सुटतो.

अंगठा उमटत नाही म्हणून दुकानदार परत पाठवतो. काय करायचं?

आधी साधे उपाय. हात साबणाने धुवा, पुसून कोरडे करा, तळहात थोडे चोळून ऊब आणा. उजवा अंगठा नाही लागला तर डावा, मग दहाही बोटं एकेक करून लावून बघा. करंगळीशेजारच्या बोटाला कोयत्याचा त्रास कमी होतो, कित्येकदा तेच लागतं. तरीही नाही झालं तर डोळ्याच्या बुबुळाचा किंवा आधारच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा मार्ग आहे.

आणि सगळे उपाय थकले तरी धान्य नाकारता येत नाही. आधारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात हा मुद्दा आला आहे. ओळख पटवणारं यंत्र चुकलं म्हणून हक्काच्या लाभापासून कुणी वंचित राहता कामा नये. दुकानदाराशी भांडत बसू नका, त्याच्याही हातात यंत्रच असतं. पुरवठा निरीक्षकाकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

बोटं कायमच लागत नसतील तर उन्हाळ्यात, म्हणजे गावी परतल्यावर हात महिनाभर विसावलेले असताना, आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने द्या. तोड संपल्या-संपल्या गेलात तर ठसे पुन्हा खराबच येतात.

नंबर बंद पडला की सगळंच अडतं. तो बंद का पडतो, आणि काय करावं?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रीपेड सिम सलग ९० दिवस कशालाच वापरलं गेलं नाही, म्हणजे त्यावर ना कॉल, ना मेसेज, ना नेट, तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात निदान २० रुपये शिल्लक असतील तर ते वापरून मुदत पुढे ढकलली जाते. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. इथून खरा धोका सुरू होतो. तुमच्या बँकेचे, आधारचे, मुलीच्या शिष्यवृत्तीचे ओटीपी आता कुण्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. तो माणूस चांगला असला तरी तुमचं काम अडतं. वाईट असला तर काय होईल ते सांगायला नको.

ऊसतोडीच्या घरांत नंबर सारखे बदलण्याचं कारण पैसा आहे. नवं सिम स्वस्तात किंवा फुकट मिळतं, जुन्याचा रिचार्ज महाग वाटतो. दर हंगामाला नवं सिम हा तर रिवाजच पडला आहे. जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांचे दर वाढले तेव्हा आमच्याकडे महिनाभर तेच गाऱ्हाणं होतं. त्यानंतर डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना फक्त कॉल आणि मेसेजचे, नेट नसलेले पॅक देणं बंधनकारक केलं. या पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. दुकानदार तो पॅक स्वतःहून दाखवत नाही, कारण त्याला मोठ्या पॅकवर जास्त कमिशन मिळतं. तुम्ही नाव घेऊन मागा : ‘नेट नको, फक्त बोलायचा आणि मेसेजचा लांब मुदतीचा पॅक द्या.’

आमचा आग्रह एवढाच असतो. घरात एक नंबर असा ठेवा जो कधीच बदलायचा नाही. तो शक्यतो बाईच्या नावावर असावा आणि आधार, बँक, रेशन, शाळा सगळीकडे तोच द्यावा. साध्या बटणाच्या फोनमध्ये तो सिम घातला तरी ओटीपी येतोच.

आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्या. पोस्टमनकडेही ही सोय आहे, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत तो घरी येऊन नंबर बदलून देतो. त्याचं ठरलेलं शुल्क असतं, ते विचारूनच द्या.

योजनेचे पैसे आले म्हणतात, पण माझ्या खात्यात दिसत नाहीत.

खातं आधारला ‘लिंक’ असणं आणि ‘सीडिंग’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोटाळा तिथेच होतो. बँकेने तुमचा आधार नंबर कागदोपत्री नोंदवून घेतला म्हणजे लिंक झालं. सरकारी पैसे मात्र एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या यादीत तुमच्या आधारसमोर ज्या बँकेचं नाव आहे तिथे जातात, आणि त्या यादीत एका वेळी एकच बँक असते. तुम्ही शेवटी ज्या बँकेत सीडिंगला होकार दिलात ती. फडाजवळच्या गावात कुणी ‘ताई, फुकट खातं उघडून देतो’ म्हणालं, तुम्ही अंगठा दिलात, की पुढचे हप्ते गुपचूप त्या नव्या खात्यात. पैसे हरवलेले नसतात, ते दुसऱ्या दाराने आत गेलेले असतात.

कुठली बँक जोडलेली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. बटणाच्या फोनवरून *९९*९९*१# लावूनही विचारता येतं. बँकेत गेलात तर ‘केवायसी करा’ असं मोघम बोलू नका, ‘माझं आधार एनपीसीआयला या खात्याशी सीड करा’ असं सांगा. हे एक वाक्य आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. ती चिठ्ठी काउंटरवर सरकवली की काम पुढे सरकतं.

लाडकी बहीणची ई-केवायसी करताना नवऱ्याचा ओटीपी का मागतात? नवरा नसेल तर?

२०२५च्या सप्टेंबरमध्ये ही ई-केवायसी आली. त्यात आधी बाईचा आधार क्रमांक आणि ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाइलवरचा ओटीपी, अशी रचना होती. कुटुंबाचं उत्पन्न तपासायचं हे त्यामागचं कारण. पण विधवा, सोडून दिलेल्या, नवरा दुसऱ्या टोळीत गेलेल्या बायकांची त्यात जी तारांबळ उडाली ती आम्ही रोज पाहिली. एका ताईच्या नवऱ्याचं निधन कोविडच्या काळात झालेलं, वडील त्याही आधी गेलेले. पडदा मात्र पुन्हा पुन्हा तोच रकाना दाखवत होता. पुढे अशा बायकांसाठी कागदपत्रं देऊन मार्ग काढण्यात आला, पण तोवर पाच-सहा खेपा आणि तेवढ्या दिवसांची मजुरी गेली होती.

अर्ज करणाऱ्यांत एकटी बाई असणार हे रकाने आखणाऱ्याच्या मनात पहिल्या दिवशी यायला हवं होतं. अशा अडचणीत अंगणवाडी सेविकेकडून सुरुवात करा. मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश, जे असेल त्याची प्रत जवळ ठेवा. आणि कितीही घाई असली तरी दुसऱ्या कुठल्या पुरुषाचं आधार ‘चालवून’ घेऊ नका. तसं करून देणारे भेटतात. नंतर ती नोंद निस्तरता निस्तरता जीव जातो.

बाईचा स्वतःचा फोन खरंच लागतो का? नवऱ्याच्या फोनवर काम होतंच की.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३८ टक्के आणि पुरुष ६१.५ टक्के निघाले. देशाचे आकडे ३३ आणि ५७. घरात फोन आहे आणि बाईला वापरता येतो, यांच्यात इतकं अंतर आहे.

नवऱ्याच्या फोनवर काम होतं ते नवऱ्याच्या मर्जीने आणि त्याच्या वेळेने. पैसे आल्याचा मेसेज त्याला आधी कळतो. दवाखान्यातून आलेला निरोपही तोच वाचतो. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते आणि हिशोब नवऱ्याशी होतो. तिच्या नावावर असलेला चालू नंबर ही पुष्कळ घरांतली तिच्या एकटीच्या मालकीची पहिली वस्तू असते. म्हणून आम्ही त्यावर अडून बसतो.

मुलीच्या हातात फोन दिला तर ती बिघडेल, त्याचं काय?

ही काळजी खरी आहे, ती उडवून लावणं आम्हाला पटत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी केली. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट धरली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, दीड तास सगळ्या गावाने टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवायचे, मुलांनी अभ्यास करायचा. मला वडगावची वाट जास्त पटते, कारण तिथे मोठेही फोन ठेवतात आणि मुलगा-मुलगी असा भेद होत नाही.

बंदी आली की ती घरात मुलीवरच पडते. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. आता अकरावीचा प्रवेश २०२५पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे आणि शिष्यवृत्तीचा अर्जही ऑनलाइनच भरायचा असतो. आई-वडील फडावर, मुलगी आजीपाशी, पसंतीक्रम भरायला दोन दिवस उरलेले. अशा वेळी फोन नसलेल्या मुलीचं वर्ष जातं, आणि आमच्याकडे शिकण्यातून एक वर्ष गेलं की त्या जागी लग्न येऊन बसतं.

लहान मुलांच्या शाळेचं काय करायचं?

मुलं शक्यतो गावात ठेवा. हंगामी वसतिगृहाची सोय शाळेमार्फत होते, निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. मुलं सोबत न्यावीच लागली तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, त्यावर तिकडची शाळा प्रवेश देते. दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख एकसारखी आहे ना, ते आत्ताच पाहा. पुढे दहावीला हीच एका अक्षराची चूक आडवी येते.

ई-पीक पाहणीच्या वेळी मी कारखान्यावर असतो. माझ्या सातबाऱ्यावर पीक कसं लागणार?

महाराष्ट्रात २०२१च्या १५ ऑगस्टपासून शेतकऱ्याने स्वतः ॲपमधून पीक नोंदवायची पद्धत आली. फोटो बांधावर उभं राहूनच काढावा लागतो, ॲप जागा तपासतं. पण तो तुम्हीच आणि तुमच्याच फोनवरून काढला पाहिजे असं नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ शकते. भाऊ, पुतण्या, शेजारी, कुणावर तरी हे काम सोपवून जा आणि गट नंबर, क्षेत्र, पिकाचं नाव कागदावर लिहून ठेवा. शिवारात रेंज नसेल तरी फोटो काढून ठेवता येतो, माहिती गावात आल्यावर वर चढवायची. हेही राहून गेलं तर शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर तलाठी किंवा सहायक स्तरावर नोंद घेतली जाते, तेव्हा तलाठी कार्यालयाला फोनवरून आठवण करा. पीक लागलं नाही की विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी, तिन्ही ठिकाणी हात हलवत परत यावं लागतं.

फोनचा आम्हाला सरकारी कामाखेरीज काय उपयोग?

काटा पावतीचा फोटो. हे उत्तर ऐकून लोक आधी हसतात.

तोडलेल्या उसाचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, पावती गाडीवाल्याकडून मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे जाते, आणि हंगाम संपताना किती टन झाले, उचलीतले किती फिटले, हे मुकादमाची वही सांगते. तोडणाऱ्याकडे पुरावा काहीच नसतो. एका टोळीतल्या पोराने दोन हंगामांपूर्वी गाडीवाल्याशी दोस्ती करून प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोटो ठेवायला सुरुवात केली. नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, फक्त कॅमेरा. हिशोबाला बसल्यावर त्याने फोन पुढे केला आणि वहीतल्या राहून गेलेल्या खेपा भरून निघाल्या. त्या टोळीत आता चार जण फोटो काढतात.

उचल देताना-घेताना व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला एखादा मेसेजही असाच कामी येतो : ‘दादा, आज अमुक रक्कम मिळाली.’ लिहिता यायला हवं असं काही नाही.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना हे शिकवायचं कसं?

आमच्या चुका आधी सांगतो. सुरुवातीला आम्ही शाळेच्या खोलीत तीस बायका बसवून भिंतीवर पडदा लावून शिकवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, घरी कुणालाच काही आलं नाही.

आता एका वेळी तीन जणी, आणि पहिला नियम असा की शिकवणाऱ्याने त्यांच्या फोनला हात लावायचा नाही. फार कठीण जातं हे. समोरची मावशी चुकीचं बटण दाबते, आपला हात आपोआप पुढे जातो. हात मागे बांधून बसायचं. चुकली तर मागे कसं यायचं, ते तिला दाखवायचं. फोन बिघडत नाही हे कळेपर्यंत पहिला दिवस जातो आणि तो वाया गेलेला नसतो.

आकडे बहुतेकींना ओळखता येतात, पैशामुळे आणि बसमुळे. म्हणून सुरुवात नंबर लावण्यापासून. मग बोलून शोधणं : माइकचं चिन्ह दाबायचं आणि मराठीत विचारायचं. आमच्याकडच्या तांड्यांवर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, ती यंत्राला कळत नाही, तिथे नात किंवा सून मध्ये बसते. नावांऐवजी संपर्कात फोटो लावायचे. मग मेसेज ओळखायला शिकवतो. पैसे आल्याचा मेसेज आणि ओटीपीचा मेसेज यांतला फरक आकड्यांच्या लांबीवरून आणि रुपयाच्या खुणेवरून कळतो. सगळ्यात शेवटी एक रुपया शेजारणीला पाठवायचा आणि तिने तो परत पाठवायचा. एका आजींनी तो रुपया सात वेळा पाठवला. सातव्यांदा त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

ओटीपी समजावताना एक गोष्ट ताबडतोब पोचते. मुकादमाच्या कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखं आहे ते. कोऱ्या कागदावर अंगठा दिल्याचे परिणाम या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगलेले आहेत, त्यामुळे दुसरं काही सांगावं लागत नाही.

सरकारने डिजिटल साक्षरतेचं प्रशिक्षण दिलं होतं ना?

हो. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ ते मार्च २०२४ चाललं. ६ कोटींचं लक्ष्य होतं, ६.३९ कोटी लोकांना प्रशिक्षण दिल्याची नोंद आहे. काम मोठं होतं. पण रचना घरटी एका माणसाची, वय १४ ते ६०, आणि २० तासांचा अभ्यासक्रम. घरटी एक म्हटलं की कोण जाणार ते सांगायला नको, आणि साठी ओलांडलेल्या, पेन्शनसाठी बँकेत खेटे घालणाऱ्या आजी त्यात बसतच नव्हत्या. वीस तास एकदाच शिकवण्यापेक्षा दर आठवड्याला दहा मिनिटं कुणीतरी सोबत असणं या लोकांना जास्त उपयोगी पडतं, हे आमचं ठाम मत आहे.

आमच्या वस्तीवर रेंजच नाही.

भारतनेट या सरकारी योजनेतली इंटरनेटची केबल ग्रामपंचायतीपर्यंत येते, तिथून वस्ती-तांड्यापर्यंतचं अंतर उरतंच. आधी ग्रामपंचायतीत जाऊन जोडणी चालू आहे का ते विचारा, पुष्कळदा उपकरण असतं आणि वीजबिलापायी बंद असतं. पीएम-वाणी योजनेत, जी डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झाली, किराणा दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देता येतं. मुळीच रेंज नसलेल्या गावांसाठी केंद्राने जुलै २०२२मध्ये २४,६८० गावांना फोर-जी पोचवायचा कार्यक्रम मंजूर केला. आपलं गाव त्यात आहे का, हा प्रश्न ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी मागणीला कुणी उत्तर देत नाही.

सेवा केंद्रवाला वाटेल तेवढे पैसे घेतो. काही उपाय?

आमच्याच गटातल्या एकाकडून एका केंद्रावर दाखल्याचे फलकावरच्या दराच्या चौपट पैसे घेतले होते, पावती मागितल्यावर ‘सर्व्हर डाउन’ झालं. म्हणून पहिली गोष्ट, दरफलक बघा, त्याचा फोटो काढा आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अर्जाची पोच आणि क्रमांक मिळणं हा तुमचा हक्क आहे. मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

सगळे केंद्रचालक लुबाडणारे नसतात हेही सांगायला हवं. कमी कमिशनवर, वीज नसताना, रात्री सर्व्हर चालतो म्हणून रात्री बारापर्यंत बसणारी पोरं आम्ही पाहिली आहेत.

फसवणूक झाली तर?

त्याच मिनिटाला १९३० लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, म्हणून पहिल्या काही तासांतच फोन व्हायला हवा. घरच्यांना सांगायला लाजू नका. ‘योजनेचा फॉर्म’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडू नका, सरकार तशी कधी पाठवत नाही. अंगठ्याने पैसे काढण्यात फसवणूक होण्याची भीती असेल तर आधारचे ठसे लॉक करता येतात. मात्र लॉक असताना रेशनच्या मशीनलाही अंगठा चालणार नाही, ते आधी उघडावं लागेल. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करता येतो, आणि आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथेच दिसतं.

दिव्यांगांसाठी काही वेगळा नियम आहे का?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या व्यक्तींना ‘कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा’ असं सांगणारी केवायसी पार करता येत नव्हती, त्यातून हा खटला उभा राहिला. न्यायालयाने केवायसी सर्वांना वापरता येईल अशी करण्यासाठी २० निर्देश दिले. बँकेत अडवलं तर या निकालाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

मला मदत करायची आहे. जुना फोन पाठवू का?

पाठवा, पण बॅटरी दिवसभर टिकत असेल, काच धड असेल आणि तुमचं खातं पूर्ण काढून टाकलेलं असेल तरच. सोबत चार्जर हवाच. फोनपेक्षाही तुमचा वेळ जास्त हवा आहे : महिन्यातून एक दिवस, वर्षभर, त्याच टेबलावर. तुमच्याच जिल्ह्यात कारखान्याजवळ खोप्या पडत असतील तर तिथे जा. सोलर दिवा-चार्जर, एक टेबल आणि जवळच्या रेशन दुकानाचा पत्ता एवढ्यावर सुरुवात होते. संध्याकाळी सहानंतर जा, त्याआधी सगळे फडात असतात. पहाटे गाडी भरायला उठायचं असतं, तेव्हा आठच्या आत निघा.

टेबलाशी येताना काय आणायचं?

आधार कार्ड, पासबुक, रेशन कार्ड आणि घरात असतील तेवढे सगळे फोन, बंद पडलेलेसुद्धा. जुनी सिमं फेकू नका, तीही आणा. शक्य असेल तर घरची बाई स्वतः यावी. एरवी आम्ही बाजारच्या दिवशी असतो, दसऱ्यापासून शेवटची टोळी हलेपर्यंत रोज, एसटी स्टँडच्या बाहेर, सकाळी सातपासून. गाडी सुटायची घाई असेल तर रांगेत थांबू नका, आधी पुढे या.